नऊ पूर्णांक आठ

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी सायन्सची जर्नलं चाळून पाहा. साध्या लोलकाच्या प्रयोगातून काढलेलं गुरुत्व त्वरण ९.८ निघतं. सावंतवाडीत ९.८, गोंदियात ९.८, महाबळेश्वरच्या थंडीत ९.८. स्टॉपवॉचची बॅटरी संपलेली असताना ९.८, आणि ज्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप होतं त्या दिवसाचंही ९.८. प्रत्यक्ष पृथ्वीला एवढी शिस्त जमलेली नाही. ती ध्रुवांकडे चपटी आहे, स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे सरकावं तसं हे त्वरण कमी होतं. आपल्या मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर ते ९.७८-९.७९ च्या घरात असतं. पुस्तकी ९.८ ज्या प्रमाण किमतीवरून आलं, ती ९.८०६६५ ही किंमत १९०१ साली एका आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून टाकलेली आहे. ९.७८ जवळचं करून लिहिलं की ९.८ च होतं, हे कबूल. पण जर्नलातला विद्यार्थी जवळचं करून लिहीत नाही, तो ९.८०४ असं तीन दशांशांपर्यंत लिहितो, म्हणजे सरळ परिषदेशी एकनिष्ठ राहतो. पुढे हाच विद्यार्थी प्रवेश परीक्षेला बसला की प्रश्नाच्या शेवटी ‘जी = १० घ्या’ अशी सूचना येते आणि तो निमूटपणे १० घेतो. तात्पर्य, आपल्याकडे गुरुत्व त्वरण जागेनुसार बदलत नाही, परीक्षेनुसार बदलतं. अकरावी-बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स धड शिकवलं जात नाही, अशी जी ओरड दरवर्षी निकालाच्या सुमारास होते, ती मला म्हणूनच अन्यायाची वाटते. एक कौशल्य तिथे इतकं उत्तम शिकवलं जातं की ते जन्मभर पुरतं: उत्तर आधी ठाऊक असताना, आपण ते शोधून काढलं अशा थाटात त्याच्यापर्यंत पोहोचणं.

हे कौशल्य हलक्यात घेऊ नये. जर्नलचं उजवं पान रेघांचं असतं आणि डावं कोरं. डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता येतो. हा तक्ता डावीकडून भरायचा असतो असं पुस्तक सांगतं. अनुभवी मंडळी तो उजवीकडून भरतात. शेवटच्या रकान्यात ९.८ गृहीत धरायचं आणि मागे यायचं. लांबी १०० सेंटिमीटर असेल तर आवर्तकाल २.००७ सेकंद, म्हणजे वीस आंदोलनांना ४०.१४ सेकंद. नवखा विद्यार्थी तिन्ही वेळा ४०.१४ लिहितो आणि तिथेच पकडला जातो. मुरलेला विद्यार्थी लिहितो ४०.१, ४०.३, ४०.०. सरासरी ४०.१३ येते, त्यातून ९.८०४ निघतं, आणि वर थोडी मानवी चूकही दिसते. आता यात काय काय लागलं ते बघा. सूत्र उलटं फिरवावं लागलं, वर्गमूळ काढावं लागलं, स्टॉपवॉच एक दशांश सेकंदापलीकडे दाखवत नाही हे लक्षात ठेवावं लागलं, आणि चुका सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसरतात हे संख्याशास्त्रातलं मूलतत्त्व पाळावं लागलं. खरं रीडिंग घ्यायला यातलं काहीच लागत नाही, दोरा ओढून सोडला की झालं. म्हणजे आपल्या प्रयोगशाळांत जे काही थोडंफार भौतिकशास्त्र घडतं, ते रीडिंग घेण्यात घडत नसून बनवण्यात घडतं. तक्त्याखाली ‘दक्षता’ नावाचा मथळा असतो. त्यात ‘पंखा बंद ठेवला’, ‘आंदोलनांचा विस्तार लहान ठेवला’, ‘लोलक एकाच उभ्या प्रतलात हलेल याची काळजी घेतली’ अशी पाच वाक्यं येतात. ज्या लोलकाला कुणी हातच लावला नाही, त्याची एवढी काळजी घेतल्याचं उदाहरण अन्य शास्त्रांत सापडणं कठीण.

याउलट खरोखर हात लावणाऱ्याचं काय होतं? या प्रयोगातली सर्वांत लोकप्रिय चूक मोजणीची आहे. लोलक सोडला आणि स्टॉपवॉच दाबलं की बहुतेकजण तोंडाने ‘एक’ म्हणतात. म्हणायला हवं ‘शून्य’. ‘एक’ने सुरुवात केली की ‘वीस’ला घड्याळ थांबतं तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलनं झालेली असतात; कुंपणाला वीस खांब असले तरी त्यांच्यामधले गाळे एकोणीसच भरतात, तसा हा प्रकार. घड्याळ ३८.१ सेकंद दाखवतं, वीसने भागलं की आवर्तकाल १.९१ च्या आसपास, आणि ‘जी’ची किंमत साधारण १०.८६. आता या १०.८६ कडे नीट पाहिलं तर तो आकडा फार बोलका आहे. दोऱ्याची लांबी एखादा सेंटिमीटर चुकली तर एवढा फरक पडत नाही, तिथे फार तर शेकडा एक इकडेतिकडे होतं. हवेच्या विरोधाने एवढा फरक पडत नाही, आणि पंखा सुरू राहिला म्हणूनही पडत नाही. शेकडा दहाहून जास्त आणि तोही वरच्या बाजूला, म्हणजे दोष मोजणीतच असणार, असा माग काढता येतो. हा माग काढणं म्हणजेच भौतिकशास्त्र. पण १०.८६ आलेल्या विद्यार्थ्याला तेवढी उसंत नसते. तो शेजारच्या टेबलावर बघतो, तिथे ९.८ आलेलं असतं, आणि खोडरबर काढतो. शेजारच्याने ते मागच्या वर्षीच्या जर्नलातून घेतलेलं असतं, मागच्या वर्षीच्याने त्याच्या मागच्या. ही परंपरा मागे मागे नेत गेलो तर मूळ रीडिंग घेणारा कोणी आदिपुरुष सापडेल की नाही, याची शंकाच आहे.

नको तो आकडा खोडला नाही तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. १६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला, विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. बरोबर लोलकाचं घड्याळ होतं, पॅरिसमध्ये बिनचूक लावलेलं. केयेनला ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. वेळ जुळवायला त्याला लोलक जवळजवळ तीन मिलिमीटर आखूड करावा लागला. उष्ण हवेत धातूची दांडी लांबली असेल, ही शंका पुढे आली, पण नुसत्या उष्णतेने एवढा फरक पडेना. न्यूटनने हे रीडिंग उचललं आणि १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे या निष्कर्षासाठी पुरावा म्हणून वापरलं. रिशेला एक सोय होती, तीही सांगितली पाहिजे. त्याचा लोलक वीस वेळा हलून थांबत नव्हता, दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत प्रत्येक ठोक्याची इवलीशी चूक साठत जात होती. आपल्या वीस आंदोलनांत ९.७८ आणि ९.८० मधला फरक अवघा चार शतांश सेकंद पडतो. बोट बटणावर पोहोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा अकरावीच्या मुलांनी पृथ्वीचा आकार शोधावा अशी अपेक्षा नाही. पण रिशे आपल्याकडे बॅचमध्ये असता तर अडीच मिनिटांच्या त्या रीडिंगवर लाल शाईने गोल काढून ‘रिपीट’ लिहिलं गेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने निमूटपणे पॅरिसची वेळ लिहून आणली असती. पृथ्वी आणखी बरीच वर्षं गोल राहिली असती.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो वजनदार आहे. शाळकरी प्रयोग शोधासाठी नसतातच, पडताळणीसाठी असतात. ओहमचा नियम प्रत्येक पिढीने नव्याने शोधायचा म्हटलं तर बारावी व्हायला नोकरीचं वय उलटून जाईल. अगदी मान्य. फक्त पडताळणी म्हणजे ज्यात नापास होण्याची शक्यता आहे अशी गोष्ट. ज्या पडताळणीत सगळेच पास होतात तिला आपण समारंभ म्हणतो. दुसरं गाऱ्हाणं व्यवस्थेचं आहे आणि तेही खोटं नाही. बारावीला फिजिक्सची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० चं. त्या ३० गुणांची वाटणी सढळ हाताने होते हे घरोघरी माहीत असल्यामुळे तिथे जीव काढायला कुणी तयार नसतं. शहराशहरांत क्लास आणि कॉलेज यांचं टाय-अप झालेलं असतं, मूल दिवसभर क्लासमध्ये आणि पटावर कॉलेजमध्ये. हे इतकं सर्रास झालं की २०१८ साली राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. विद्यार्थी जागेवर आहे की नाही, या एकाच राशीचं मापन आपल्याला खऱ्याखुऱ्या उपकरणाने करावंसं वाटलं, हीसुद्धा एक वैज्ञानिक प्रगतीच. एवढ्या रेट्यात एकटा शिक्षक काय करणार, हे बरोबर आहे. पण म्हणूनच माझा मुद्दा पक्का होतो: इथे कुणी एकटा बनवाबनवी करत नाही. विद्यार्थी, शिक्षक, बाहेरून आलेले परीक्षक आणि बारावीच्या मुलाला दूध नेऊन देणारे आईवडील, सगळ्यांचं ९.८ वर मनापासून एकमत असतं. लोकशाहीत एवढं एकमत दुसऱ्या कुठल्याही त्वरणाला मिळालेलं नाही.

गणितवाले इथे मिशीत हसत असतील, कारण त्यांच्याकडे रीडिंगची भानगड नाही. पण ‘सिद्ध करा’ हा प्रश्नप्रकार त्यांचाच. त्यात उत्तर छापूनच दिलेलं असतं. त्रिकोणमितीतली एखादी नित्य समानता घ्या. विद्यार्थी डाव्या बाजूकडून चार पायऱ्या उतरतो, मग कच्च्या पानावर उजव्या बाजूकडून तीन पायऱ्या चढतो, आणि मधली दरी उरते तिथे तीन टिंबांचा ‘म्हणून’ टाकून पलीकडे उडी मारतो. तपासणारा वरचं बघतो, खालचं बघतो, दोन्ही बरोबर असतात. स्टेपचे गुण मिळून जातात, कारण दरीला गुण नसतात आणि उणे गुणही नसतात. आता उत्तराकडून मागे येणं हे गणितात पाप नाही, उलट फार जुनी आणि प्रतिष्ठित रीत आहे. जे सिद्ध करायचं ते खरं मानून मागे चालत जायचं आणि ओळखीच्या जागी पोहोचलं की तीच वाट पुन्हा पुढच्या दिशेने चालून दाखवायची, असं ग्रीक भूमितीकार करत. आपण त्यातला पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा ऑप्शनला टाकला. समाकलनाची गोष्ट तर आणखी गमतीची. समाकलन करणं अवघड आणि आलेलं उत्तर तपासणं सोपं, कारण उत्तराचं विकलन केलं की मूळ पदावली परत मिळायला हवी. एवढी प्रामाणिक पडताळणी हाताशी असताना ती करणारा विद्यार्थी विरळा. शेवटी ‘अधिक सी’ लिहायचं राहिलं नाही ना, एवढं मात्र प्रत्येकजण दोनदा बघतो. लॉग टेबलबद्दल न बोललेलं बरं. १६१४ साली नेपियरने गुणाकाराचा त्रास वाचवायला लॉगरिथम काढले. फोनमध्ये कॅल्क्युलेटर असलेल्या पिढीला आपण बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नाकारून तेच कोष्टक बहाल केलं आहे, आणि ‘बार टू’चा बार डोक्यावर द्यायचा राहिला म्हणून उपग्रह समुद्रात पाडणारी उत्तरं दरवर्षी येत असतात.

एवढं म्हटल्यावर ज्या गोष्टीला सगळेच शिव्या घालतात तिच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा. ती गोष्ट म्हणजे क्लासमधली ऑप्शन उडवण्याची ट्रिक. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद; गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे १०८ सेकंद. ५४ सेकंदांत कुणी सूत्र सिद्ध करत बसत नाही. कप्पीवरून दोन वजनं टांगली आहेत, त्वरण किती? क्लासचे सर सांगतात, दोन्ही वजनं सारखी धरा. मग काहीच हलायला नको, तेव्हा ज्या पर्यायात शून्य येत नाही ते सगळे उडवा. उरलेल्यांत एका बाजूला वजनच नाही असं समजा, तर दुसरं मोकळं खाली पडलं पाहिजे, ‘जी’ आलं पाहिजे. एकच पर्याय उरतो. दुसऱ्या प्रश्नात चारपैकी तीन पर्यायांची परिमाणंच वेगाची नसतात, तेही गेले. याला पालक शॉर्टकट म्हणतात आणि प्राध्यापक नाक मुरडतात. पण सीमेवर नेऊन बघणं आणि परिमाणं जुळवणं ही मुरलेल्या भौतिकशास्त्रज्ञाची रोजची हत्यारं आहेत. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४५ च्या पहिल्या अणुस्फोटाची छायाचित्रं पाहिली, आगीचा गोळा किती वेळात किती पसरला ते मोजलं, आणि मुख्यतः परिमाणांचा मेळ घालून स्फोटाच्या ऊर्जेचा अंदाज १९५० साली छापला. त्यालाही एका अर्थाने ऑप्शनच उडवायचे होते, फक्त ते कुणी छापून दिले नव्हते. म्हणजे उत्तराकडून मागे येणं हा गुन्हा नाहीच. उत्तराला उलटतपासणीला उभं करायचं की त्याच्या पाया पडायचं, एवढाच प्रश्न आहे. क्लासमधली ट्रिक निदान उलटतपासणी करते. गोची अशी की दिवाळीनंतर सर ‘का’ सांगायचं बंद करतात, आणि ‘मायनस असलेला मारा’ एवढंच वहीत उतरतं. सीईटीला उणे गुण नसल्यामुळे, ज्याला काहीच मारता येत नाही तोही शेवटच्या मिनिटात सगळे प्रश्न सोडवून मोकळा होतो.

दुसऱ्या बाजूने असंही विचारलं जातं की एवढं सगळं खोटं असेल तर हीच मुलं पुढे पवईच्या आयआयटीला कशी जातात, उपग्रह कसे सोडतात? सोडतात, आणि छान सोडतात. पण त्यांतल्या ज्यांनी पुढे खरं मापन केलं, त्यांना ते नव्याने शिकावं लागलं असणार. निदान पहिल्यांदा आकडा चुकल्यावर शेजारच्या टेबलाकडे बघायची सवय तरी मोडावी लागली असणार. आणि सगळेच उपग्रह सोडत नाहीत. बाकीचे अहवाल लिहितात, अंदाजपत्रकं करतात, सर्वेक्षणं भरतात, रस्त्याच्या जाडीचे दाखले देतात. तिथे अकरावीचा तक्ता किती कामाला येतो हे सांगायची गरज नाही. शेवटचा रकाना साहेबांनी सांगितलेला असतो. यावर कोणी हुशार माणूस मिलिकनचं नाव घेईल. मिलिकनने १९१३ साली तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला. हवेच्या श्यानतेचा आकडा थोडा चुकीचा धरल्यामुळे उत्तर किंचित कमी आलं. पुढच्यांनी मोजलं तेव्हा त्यांनी एकदम बरोबर आकडा सांगितला नाही, तो हळूहळू वर सरकत गेला, कारण ज्याला मिलिकनपेक्षा फार मोठी किंमत मिळे तो स्वतःच्या प्रयोगात खोट शोधत बसे आणि ज्याला जवळची मिळे तो तेवढं शोधत नसे. बघा, थोर लोकसुद्धा शेजारच्या टेबलावर बघतात! खरं आहे. पण ही हकिकत आपल्याला ठाऊक आहे ती भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने १९७४ च्या आपल्या दीक्षान्त भाषणात ती शास्त्रज्ञांना लाजिरवाणी गोष्ट म्हणून सांगितली म्हणून. आपल्याकडे त्याच गोष्टीला ३० पैकी २८ मिळतात.

उपाय महाग आहे, हेही खरं नाही. २०१५ साली आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिम्पियाड मुंबईत झालं. त्यात बारावीच्याच वयाच्या मुलांना प्रयोगाचा पेपर होता, लेझरचा झोत एकदा सर्पिल रचनेवर आणि एकदा पाण्याच्या लहरींवर टाकून मापं काढायची होती, आणि उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलात नव्हतं. तिथे लेझर लागला, म्हणून बाजूला ठेवू. आपल्या लोलकाला एक पुठ्ठा पुरे. दोऱ्याचा वरचा भाग आणि टांगणीचा बिंदू पुठ्ठ्यामागे झाकून टाकायचा. विद्यार्थ्याला फक्त पुठ्ठ्याखालची लांबी दिसते. ती बदलत जायची, प्रत्येक वेळी आवर्तकाल काढायचा, त्याच्या वर्गाचा दिसणाऱ्या लांबीशी आलेख काढायचा. सरळ रेष येते. तिच्या चढावरून ‘जी’ मिळतं, आणि ती अक्षाला जिथे कापते तिथून पुठ्ठ्यामागे किती दोरा लपला आहे ते कळतं. प्रत्येक टेबलावर लपलेली लांबी वेगळी, त्यामुळे शेजारी बघून उपयोग नाही. ‘एक’पासून मोजणाऱ्याची रेष बिचारी चढाला चुकते, त्यालाही आपली चूक कुठे झाली ते शोधावंच लागतं. शेवटी परीक्षकांनी पुठ्ठा काढायचा आणि पट्टी लावायची. खर्च दोऱ्याचा, एका नटाचा आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा. मंडळाने हे खरोखर आणलंच तर पहिल्या वर्षी बराच गोंधळ होईल, पालक निवेदनं देतील, ‘अभ्यासक्रमाबाहेरचा पुठ्ठा’ अशी बातमी येईल. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये बाजारात ‘लपलेल्या लांबीचा अपेक्षित संच’ दाखल होईल, मुखपृष्ठावर मागच्या वर्षी लॅबमध्ये दोरे बांधणाऱ्या मामांचा सत्कार घेतानाचा फोटो असेल, आणि आत पहिल्याच पानावर चौकटीत छापलेलं असेल: हमखास, १७.५ सेंटिमीटर.